रॉकेट सरळ वर नेलं की खाली पडतं

अवकाशविज्ञान शिकवायला संगणकावरचे खेळ आणि सिम्युलेशन वापरायची असतील, तर तासाची पहिली दहा मिनिटं पडदे बंद ठेवावेत. सोलापुरातल्या मराठी माध्यमाच्या शाळांत आठवी ते दहावीच्या मुलांबरोबर आम्ही हे प्रयोग घेतो. पहिलं काम दर वेळी तेच असतं. प्रश्न फळ्यावर, उत्तर वहीत, आणि तेही पेनाने, म्हणजे नंतर खोडता येत नाही. 'सूर्याचं गुरुत्वाकर्षण अचानक बंद झालं तर पृथ्वी कुठे जाईल? आकृती काढा.' बहुतेक आकृत्यांत पृथ्वी सूर्यापासून सरळ बाहेर फेकली जाते. काही जण तिला वळणं घेत बाहेर नेतात. स्पर्शरेषेवरचा बाण क्वचित दिसतो. वहीत अंदाज असला की मुलं पडद्यावर त्याचा निकाल शोधतात. अंदाज नसेल तर रंगीत गोळे फिरताना बघतात, 'भारी आहे' म्हणतात, आणि घंटा होते.

दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये पहिला धडा गुरुत्वाकर्षणाचा आणि दहावा अवकाश मोहिमांचा. हे दोन्ही एकत्र शिकवावेत असं आमचं स्पष्ट मत आहे. मुक्तिवेगाचं, म्हणजे ग्रहाच्या ओढीतून कायमचं सुटायला लागणाऱ्या वेगाचं, सूत्र जूनमध्ये पाठ होतं, आणि ज्या रॉकेटसाठी ते हवं ते वर्ष संपत आल्यावर येतं. तोवर सूत्र उडालेलं असतं, रॉकेट नाही.

एका संगणकावर तिघं बसवावीत. एक माउस धरतो, एक नोंद ठेवतो, तिसरा प्रत्येक बदलाआधी 'आता काय होईल' ते मोठ्याने सांगतो. दर आठ मिनिटांनी जागा बदलायच्या. दोघंच असली तर माउस एकाच्याच हाती राहतो आणि चौघं असली तर चौथा खिडकीबाहेर बघतो. नोंद ठेवणाऱ्याला एकच नियम सांगायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वस्तुमान आणि वेग दोन्ही हलवले की जे दिसेल त्याचं कारण कुणालाच सांगता येत नाही, शिक्षकालाही.

यंत्रांबद्दल आधीच सांगतो, कारण निम्मे तास तिथेच वाया जातात. शाळांमधले बरेच संगणक ४ जीबी मेमरीचे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेले, काहींवर अजून विंडोज ७. इंटरनेट शिक्षकाच्या मोबाइलवरून. फेटची सिम्युलेशन अशा ठिकाणी उत्तम चालतात. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या शाखेत कार्ल वीमन या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. प्रत्येक सिम्युलेशन एकाच फाइलमध्ये उतरवून घेता येतं, पेनड्राइव्हवरून सगळ्या यंत्रांवर टाकता येतं, आणि मग इंटरनेट लागत नाही. बऱ्याच सिम्युलेशनचं मराठी भाषांतरही मिळतं. अडचण येते ती ब्राउझरची. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये फाइल उघडते, पण पडदा कोरा राहतो. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, ती आधीच टाकून ठेवावी आणि फाइल 'ओपन विथ' करून त्यातच उघडावी.

स्टेलॅरियम हे ताऱ्यांचं सॉफ्टवेअर थोडं जड आहे. जुन्या ग्राफिक्सवर ते सुरू होताना ओपनजीएलची (पडद्यावर चित्र काढणाऱ्या यंत्रणेची) तक्रार करून बंद पडतं. त्याच्यासोबतच 'मेसा' आणि 'अँगल' अशा पर्यायी पद्धती येतात, त्यांतली एक बहुधा चालते. मेसामध्ये चित्र अडखळत हलतं, पण एखाद्या तारखेचं आकाश दाखवायला तेवढं पुरतं. वीज जाणार हे गृहीत धरूनच तासाची आखणी करावी. पडद्याचा भाग आधी, कागदाचा आणि मैदानाचा नंतर.

स्टेलॅरियम उघडल्यावर पहिली तपासणी ठिकाणाची. एफ६ दाबून ठिकाणाची खिडकी उघडायची, इंटरनेटवरून ठिकाण ओळखण्याची खूण काढायची आणि आकडे हाताने भरायचे: अक्षांश १७.६६ उत्तर, रेखांश ७५.९१ पूर्व, वेळ जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. ही खूण राहिली तर सॉफ्टवेअर इंटरनेट पुरवठ्यानुसार भलतंच शहर धरतं, बहुधा मुंबई. मुंबई आणि सोलापूर यांच्या रेखांशांत सुमारे ३ अंशांचा फरक आहे, म्हणजे १२ मिनिटांचा. पडद्यावरची मध्यान्हाची वेळ आणि अंगणातल्या काठीची सावली मग जुळत नाही, आणि मुलं चटकन ठरवतात की पुस्तकातलं एक आणि खरं दुसरं.

ही जुळणी महत्त्वाची, कारण सोलापूरच्या सूर्यावर एक फार चांगला धडा होतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. सोलापूर त्याच्या ६.५९ अंश पश्चिमेला, म्हणून इथला मध्यान्ह सरासरीने १२ वाजून २६ मिनिटांनी होतो. पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि अक्षाच्या कलामुळे तो वर्षभर काही मिनिटं मागेपुढे सरकतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात १२:२२ च्या सुमारास, ऑगस्टच्या सुरुवातीला १२:३२ च्या सुमारास. 'बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो' हे वाक्य मुलांच्या तोंडी पक्कं बसलेलं असतं. त्यातला 'बारा' आणि 'डोक्यावर' हे दोन्ही शब्द तपासायला लावायचे.

सूर्य इथे नेमका डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदाच, मेच्या १० ते १२ तारखेच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. त्या दोन दिवसांना शून्य सावली दिवस म्हणतात. गैरसोय अशी की मेमधल्या दिवशी आकाश स्वच्छ पण शाळेला सुट्टी, आणि ऑगस्टमधल्या दिवशी शाळा सुरू पण ढगांचा भरवसा नाही. सोलापूर पर्जन्यछायेत असल्याने तासाभराची उघडीप मिळूनही जाते, पण त्या आशेवर वर्ग बाहेर काढता येत नाही. सिम्युलेशनचं खरं काम इथे आहे. जो दिवस वर्गाच्या वाट्याला येत नाही तो पडद्यावर आणायचा.

पडद्यावर तारीख मेमध्ये ठेवायची, वेळ १२:१५, दृष्टी थेट वर. मग एकेक मिनिट पुढे. सूर्य खस्वस्तिकावरून, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूवरून, जाताना दिसतो. आता बरोबरचं चिन्ह दाबत एकेक दिवस पुढे जायचं. सूर्य मध्यान्हाला उत्तरेकडे सरकत जातो. २१ जूनला तो डोक्याच्या उत्तरेला सुमारे ५.८ अंश असतो. म्हणजे १ मीटर उभ्या काठीची मध्यान्हाची सावली १० सेंटिमीटर, आणि ती दक्षिणेला पडते. हे वहीत आधी विचारलं तर जवळजवळ सगळा वर्ग 'सावली उत्तरेला' लिहितो, कारण हिवाळ्यात तीच पाहिलेली असते. जूनमध्ये शाळा उघडल्यावर एखादा उन्हाचा दिवस मिळाला की काठी रोवून खात्री करायची. काठीला ओळंबा लावणं आवश्यक आहे. काठी २ अंश कलली तर सावलीच्या टोकात साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि १० सेंटिमीटरच्या सावलीत तो फार होतो. २१ डिसेंबरला त्याच काठीची सावली उत्तरेला ८७ सेंटिमीटर भरते. दोन्ही आकडे दहावीच्या त्रिकोणमितीतून निघतात, म्हणून गणिताच्या शिक्षकांनाही यात ओढावं.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत वर्गात आपोआप एक प्रश्न येतो. संक्रांतीला सूर्य मकर राशीत जातो आणि उत्तरायण सुरू होतं ना? स्टेलॅरियममध्ये १४ जानेवारीची दुपार लावायची, 'ए' दाबून वातावरण काढायचं, 'जी' दाबून जमीन काढायची, 'सी' दाबून तारकासमूहांच्या रेषा आणायच्या. भर दुपारी सूर्यामागचे तारे दिसू लागतात आणि सूर्य धनु तारकासमूहात उभा असतो. तारखा मागे नेल्या की कळतं, सूर्याचं दक्षिणेकडे जाणं २१-२२ डिसेंबरलाच थांबलेलं असतं. कारण परांचन गती. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो आणि संपातबिंदू, म्हणजे सूर्य जिथे आला की दिवस-रात्र समान होतात तो बिंदू, साधारण ७२ वर्षांत १ अंश सरकतो. सणाची चेष्टा करायची नाही, पंचांग खोटं असंही म्हणायचं नाही. निरयन पद्धत ताऱ्यांच्या चौकटीत राशींचे बारा समान भाग मोजते, आधुनिक तारकासमूहांच्या सीमा वेगळ्या आणि असमान आहेत, आणि अयन ऋतूंच्या चौकटीतलं. तीन मोजमापं आहेत, हे मुलांना पटकन समजतं. पालकांना समजावताना जरा जास्त वेळ लागतो.

गुरुत्वाकर्षणासाठी फेटचं 'ग्रॅव्हिटी अँड ऑर्बिट्स'. यात दोन पडदे आहेत, एक नमुन्याचा आणि एक प्रमाणबद्ध. नमुन्याच्या पडद्यावर सुरुवात करावी, पण तो चित्रासाठी मोठा केलेला आहे हे सांगून. सूर्य आणि ग्रह निवडायचे, मार्ग, बल आणि वेग यांच्या खुणा लावायच्या. आधी गुरुत्वाकर्षण बंद करायचं. ग्रह स्पर्शरेषेने निघून जातो आणि पहिल्या दहा मिनिटांतल्या आकृत्यांचा निकाल लागतो.

मग वस्तुमान. 'पृथ्वीचं वस्तुमान दुप्पट केलं तर?' वर्गाचं एकमुखी उत्तर, 'सूर्यात पडेल, सर.' सरकपट्टी उजवीकडे नेली की बलाचा बाण दुप्पट होतो आणि मार्ग तसाच राहतो. इथे घाई करू नये. पुष्कळ मुलं सिम्युलेशन बिघडलं असं समजून रीसेट दाबतात. त्यांनाच विचारायचं, बल दुप्पट झालं, पण ढकलायचं वस्तुमानही दुप्पट झालं, मग त्वरण किती? पुस्तकातलं सूत्र तेव्हा उपयोगी पडतं, कारण ग्रहाचं वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटतं. त्यानंतर सूर्याचं वस्तुमान वाढवून कक्षा लगेच कशी आवळते ते पाहावं. क्रम उलटा केला तर पहिल्या प्रयोगातलं आश्चर्य निघून जातं.

मुक्तिवेग इथे मोजताही येतो. ग्रहाला सुरुवातीला दिलेला वेग बाणाने दिसतो. पडद्यावर खरीखुरी फूटपट्टी लावून त्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोजायची, बाण ओढून थोडा थोडा वाढवायचा आणि ग्रह कधी परत येत नाही ते पाहायचं. वर्तुळाकार कक्षेच्या वेगाच्या साधारण १.४ पटीला ते घडतं, सूत्राने वर्गमूळ २ म्हणजे १.४१४. यात नेहमीची फसगत अशी की १.३ पटीलाही ग्रह पडद्याबाहेर जातो आणि मुलं 'सुटला' म्हणून नोंद करतात. तो लांबलचक लंबवर्तुळ काढून परत येणार असतो. पडद्याची कड म्हणजे अवकाशाची कड नव्हे, म्हणून अशा प्रत्येक नोंदीपुढे किती वेळ वाट पाहिली ते लिहायला लावावं.

ग्रह आणि उपग्रह ही जोडी प्रमाणबद्ध पडद्यावर पाहावी. अवकाशात गुरुत्वाकर्षण नसतं ही समजूत हटायला बलाचा बाण पुरेसा आहे. ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्व त्वरण ८.७ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे जमिनीवरच्या जवळजवळ ८९ टक्के. अंतराळवीर तरंगतात कारण ते आणि त्यांचं स्थानक एकत्रच पडत असतात. हे वाक्य बोलून दाखवून कुणाला पटत नाही. नुसता आडवा वेग कमी करून उपग्रह खाली आपटलेला पाहिला की पटतं. 'आपटलं की ओ सर!' हा आवाज आला की समजावं, काम झालं.

ताणलेल्या कापडावर गोट्या फिरवण्याचा प्रयोग पुष्कळ जण करतात. सोलापुरात पहिला विचार चादरीचा येतो. चादर चालत नाही, टॉवेलही नाही. सुती विणलेलं कापड ताणलं जात नाही, मध्ये वजन ठेवलं की नुसती झोळी होते आणि चुण्या पडतात. ट्रॅकपँटचं ताणणारं कापड हवं. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत त्याचे तुकडे मिळतात. दीड मीटर चौरस तुकडा, सहा जणांनी धरलेला, मध्ये १ किलोचं वजन. गोटी चारपाच फेऱ्या मारते आणि घर्षणाने आत जाते. मुलांच्या मनात मात्र ग्रहही हळूहळू सूर्यात पडतात असं बसतं. शिवाय गोटी उतारावरून घसरते ती खालच्या पृथ्वीच्या ओढीने, म्हणजे गुरुत्वाकर्षण समजवायला गुरुत्वाकर्षणच वापरलं. आम्ही हा प्रयोग पाच मिनिटांवर आणला आहे.

कक्षेच्या आकारासाठी दोन टाचण्या आणि दोऱ्याचा फास पुरतो. कक्षा ३० सेंटिमीटर लांब काढायची तर पृथ्वीसाठी दोन टाचण्यांमधलं अंतर अवघं ५ मिलिमीटर, मंगळासाठी २.८ सेंटिमीटर. पृथ्वीची कक्षा डोळ्यांना वर्तुळच दिसते. पुस्तकांत ती अंड्याएवढी चपटी काढलेली असते आणि तिथूनच 'पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा' ही समजूत घट्ट होते. पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आणि तेव्हा सोलापुरात पहाटे शेकोट्या पेटलेल्या असतात.

आता रॉकेट. कर्बल स्पेस प्रोग्रॅम हा विकतचा खेळ आहे, २०११ पासून उपलब्ध, आणि तो नीट चालायला ८ जीबी मेमरीचं यंत्र बरं. म्हणून तो एकाच लॅपटॉपवर प्रोजेक्टरने चालवतो आणि गट आळीपाळीने पुढे येतात. मोबाइलवर स्पेसफ्लाइट सिम्युलेटर हा हलका, दोन मितींचा खेळ आहे. तो घरी खेळायला बरा.

पहिलं रॉकेट आम्ही ठरवून देतो, नाहीतर संपूर्ण तास सजावटीत जातो. वर एका माणसाची एमके१ कुपी आणि पॅराशूट, खाली विलग होणारी कडी, एफएल-टी४०० टाकी आणि टेरियर इंजिन. त्याखाली पुन्हा कडी, दोन एफएल-टी८०० टाक्या आणि स्विव्हल इंजिन. एकूण वजन साधारण १४.३ टन. स्विव्हलचा जमिनीवरचा रेटा १६८ किलोन्यूटन आणि रॉकेटचं वजन १४० किलोन्यूटन, गुणोत्तर १.२. हे गणित फळ्यावर करून घ्यायचं आणि विचारायचं, खाली आणखी एक ४.५ टनांची टाकी लावली तर? 'जास्त इंधन, जास्त लांब.' लावून बघू द्यायचं. वजन १८४ किलोन्यूटन होतं, इंजिन पेटतं, धूर येतो आणि रॉकेट तळावर उभंच राहतं. बऱ्याच वेळाने इंधन जळून हलकं झाल्यावर ते डुलत उठतं. रेटा आणि वजन यांच्या गुणोत्तरावर यानंतर वेगळं बोलावं लागत नाही.

टप्प्यांचा क्रम ही दुसरी ठेच. उजव्या बाजूच्या यादीत पॅराशूट आणि इंजिन एकाच टप्प्यात राहिलं तर स्पेसबार दाबताक्षणी दोन्ही सुरू होतात. पॅराशूट फाटतं आणि परतीची सोय जाते. उड्डाणाआधी एका मुलाने यादी खालून वर मोठ्याने वाचायची, हा नियम त्यासाठीच.

आणि मग तो क्षण ज्याच्यासाठी हा खेळ वर्गात आणायचा. मुलं रॉकेट सरळ वर नेतात. ७० किलोमीटर उंचीला खेळातलं वातावरण संपतं, कुणीतरी 'अवकाशात पोचलो' म्हणतं, इंजिन बंद होतं, आणि कमान काढून रॉकेट परत जमिनीकडे निघतं. नकाशा उघडून दाखवायचं की मार्गाची दोन्ही टोकं जमिनीत आहेत. कक्षेसाठी उंची कमी महत्त्वाची, आडवा वेग जास्त. या खेळातल्या ८० किलोमीटरच्या कक्षेला तो सुमारे २,२८० मीटर प्रति सेकंद लागतो. म्हणून वेग १०० मीटर प्रति सेकंद झाला की नाक पूर्वेकडे ५ ते १० अंश झुकवायचं, १० ते १२ किलोमीटरवर ४५ अंश, ४० ते ४५ किलोमीटरवर जवळजवळ आडवं. सर्वोच्च बिंदू ८० किलोमीटर झाला की इंजिन बंद, तिथे पोचताना पुन्हा आडवं पेटवायचं. खाली दाट हवेत एकदम ३० अंश झुकवलं तर रॉकेट कोलांटी मारतं. पूर्वेकडेच का, हे विचारायला विसरू नये. पृथ्वीचं फिरणं फुकटचा वेग देतं.

खेळ कुठे खोटं बोलतो तेही त्याच तासात सांगितलं पाहिजे. कर्बिन हा त्यातला ग्रह पृथ्वीच्या दहाव्या भागाएवढ्या त्रिज्येचा आहे, ६०० किलोमीटर. तिथे कक्षेत जायला ३,४०० मीटर प्रति सेकंद पुरतात, खऱ्या पृथ्वीवरून सुमारे ९,४०० लागतात. न सांगितलं तर मुलांना वाटतं, दोन टाक्यांत काम होतं. दुसरं खोटं अधिक खोल आहे. या खेळात यानावर एका वेळी एकाच गोलाचं गुरुत्वाकर्षण चालतं, सीमा ओलांडली की पहिला सुटतो आणि दुसरा लागू होतो. त्यामुळे लाग्रांज बिंदू, म्हणजे दोन गोलांच्या ओढीचा मेळ बसून यान त्यांच्यासोबत फिरत राहू शकतं अशा जागा, त्यात असूच शकत नाहीत. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेलं आणि ६ जानेवारी २०२४ ला १५ लाख किलोमीटरवरच्या एल१ या अशाच बिंदूभोवती स्थिरावलेलं आदित्य-एल१ हे भारताचं सूर्य पाहणारं यान या खेळात दाखवायला गेलं तर दिसणार नाही. आकृती फळ्यावरच काढावी लागते.

वीज गेली की इंधनाचा पट काढतो. मोठ्या कागदावर एका रांगेत १८ घरं. एक घर म्हणजे वेगात साधारण १ किलोमीटर प्रति सेकंदाचा बदल. पृथ्वीपासून कक्षेपर्यंत ९ घरं, तिथून चंद्राच्या वाटेला लागायला ३, चंद्राच्या कक्षेत थांबायला १, उतरायला २, परत उडायला २, पृथ्वीकडे निघायला १. सुरुवातीला आम्ही प्रत्येक घराला ठरावीक दाणे मोजून द्यायचो. तो हिशेब सरळ रेषेचा होता आणि भौतिकशास्त्राच्या विरुद्ध. इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्कीने १९०३ मध्ये मांडलेल्या समीकरणानुसार, वायू ३ किलोमीटर प्रति सेकंदाने बाहेर पडत असेल तर वेगातल्या दर २.१ किलोमीटर प्रति सेकंदाच्या वाढीला निघतानाचं वजन दुप्पट होतं. म्हणून नियम बदलला, दर दोन घरांना दाणे दुप्पट.

खेळ शेवटून सुरू करायचा. चंद्रावर १ दाणा पोचवायचा आहे, तर पृथ्वीवर किती ठेवावे लागतील? १५ घरं मागे येत ज्वारीचे दाणे मांडायचे. १, २, ४, ८, आणि १२८ पर्यंत वाटी रिकामी व्हायला लागते. शेवटचं अर्धं पाऊल धरून सुमारे १८०. तोच दाणा परत आणायचा असेल तर १८ घरं, ५१२ दाणे. नमुने घेऊन परत येणाऱ्या मोहिमा इतक्या थोड्या का, हे विचारायला मग मुलंच पुढे येतात. दाणे १२८ नंतर मोजू नयेत, आकडा लिहावा. तास मोजणीतच संपतो आणि दाणे बाकांखाली जातात.

लगेच खरं रॉकेट शेजारी ठेवायचं. चंद्रयान-३ चं वजन ३,९०० किलो, ते नेणाऱ्या एलव्हीएम३ चं ६४० टन. गुणोत्तर १६४. पण या रॉकेटने यानाला चंद्रावर नेलं नव्हतं, फक्त १७० बाय ३६,५०० किलोमीटरच्या लांबट कक्षेत सोडलं होतं. पटाच्या हिशेबाने तिथपर्यंत ५० पट पुरायला हवं. मग १६४ का? कारण पटावर टाक्या, इंजिनं, आवरणं यांचं वजन शून्य धरलंय. पटही खोटं बोलतो, आणि नेमकं कुठे ते मुलांनी शोधायचं हा या खेळाचा दुसरा भाग.

चंद्रयान-३ १४ जुलै २०२३ ला निघून २३ ऑगस्टला उतरलं. अपोलो ११ ने १९६९ मध्ये चार दिवस घेतले होते. 'आपलं हळू का?' हा प्रश्न हमखास येतो. उत्तर कर्बलमध्ये करून दाखवता येतं. लहान इंजिन लावायचं आणि कक्षेच्या सर्वांत खालच्या बिंदूवर थोडं थोडं, पाच वेळा पेटवायचं. लांबचं टोक दर वेळी आणखी लांब जातं. तिथेच पेटवायचं कारण वेग सर्वांत जास्त असताना तेवढंच इंधन जास्त ऊर्जा देतं. एकाच झटक्यात जायला मोठं इंजिन आणि मोठं रॉकेट लागलं असतं.

पटावर फासा ठेवायचा नाही. फासा आला की जिंकणं नशिबावर जातं आणि हिशेब बाजूला पडतो. त्याऐवजी घटनांच्या चिठ्ठ्या. 'मंगळाकडे निघायची योग्य वेळ चुकली, २६ महिने थांबा.' 'मुख्य इंजिन ३०० दिवस बंद होतं, आधी चाचणी घ्या.' दुसरी चिठ्ठी मंगळयानाची आहे. २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत शिरण्याच्या दोन दिवस आधी ते इंजिन सुमारे ४ सेकंद पेटवून पाहिलं होतं. मंगळाची वाट पटावर फक्त अर्धं घर जास्त महाग पडते, साडेतीन विरुद्ध तीन, यावर बराच वाद होतो. होऊ द्यावा.

मैदानावरचा रोव्हरचा खेळ सकाळच्या तासालाच घ्यावा, फेब्रुवारीनंतर दहा वाजताच फरशी तापते. फक्कीने ६ बाय ६ घरं आखायची, चार विटा म्हणजे खड्डे. एक मुलगी डोळे बांधून रोव्हर. नियंत्रण कक्ष तीन आज्ञांची चिठ्ठी लिहितो, निरोप्या ती ३० सेकंद धरून ठेवतो आणि मग वाचतो. रोव्हर विटेला लागला तरी उरलेल्या आज्ञा पुऱ्या करतो, कारण 'थांब' पोचायलाही ३० सेकंद लागणार. चंद्रापर्यंत संदेशाला सव्वा सेकंद लागतो, मंगळापर्यंत ३ ते २२ मिनिटं. मंगळाच्या रोव्हरला स्वतःचे डोळे आणि थोडी स्वतःची बुद्धी का द्यावी लागते, हे तिसऱ्या धडकेनंतर कळतं. बघ्यांना गप्प ठेवणं सर्वांत कठीण. त्यांना रोव्हरच्या मागे, पाठ करून बसवावं.

तपासणीसाठी वेगळी परीक्षा घेत नाही. पहिल्या दिवशीची पेनाने काढलेली आकृती पंधरा दिवसांनी पुन्हा काढायला सांगतो, जुनी वही न दाखवता, आणि सोबत एक न शिकवलेला प्रश्न देतो. पुढे चाललेल्या यानाला त्याच कक्षेत गाठायचं आहे, इंजिन कुठल्या दिशेला पेटवाल? 'पुढे जाण्यासाठी मागे धूर सोडू' असं लिहिणाऱ्याची कक्षा वर जाते, फेरीचा काळ वाढतो आणि तो मागे पडतो. ज्यांनी 'आधी वेग कमी करू, खालच्या कक्षेत जाऊ' असं लिहिलं, त्यांना पुढच्या तासाला लॅपटॉपवर पहिला नंबर.